ओझूचा सिनेमा पाटावर बसून कसा पाहावा

पंगतीचे फोटो काढताना मी पहिली सात-आठ वर्षं उभाच राहायचो. फोंड्याला माझा स्टुडिओ. लग्नसराई सुरू झाली की म्हार्दोळ, मंगेशी, कवळे, नागेशी असं एका देवळाच्या सभागृहातून दुसऱ्याच्या सभागृहात. पानं वाढली की नवरीकडचा कुणीतरी दंडाला धरून न्यायचा, "चला हो, पंगत घ्या." मी उभ्यानंच, पाठ जरा वाकवून घ्यायचो. प्रिंट हातात आल्या की त्यांत केळीची पानं, वरणाचे ओघळ आणि बाप्यांची टकलं. चेहरा एकाचाही धड नाही. शेवटी एका म्हाताऱ्या वाढप्यानंच मला झापलं, "जेवपी सकयल बसल्यात, तूं वयर कितें सोदता?" (जेवणारे खाली बसलेत, तू वर काय शोधतोस?) त्या दिवशी मी पंगतीसमोर मांडी घातली, यशिका पोटाशी धरला (त्या कॅमेऱ्यात तसंही वरून आत डोकावून बघायचं असे) आणि पहिल्यांदा माणसं जेवताना दिसली.

यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकानं सगळा सिनेमा असाच मांडी घालून काढला. मला हे कळायला वयाची साठी आली. माझ्यासारखा उशीर तुमचा होऊ नये म्हणून हे लिहितोय.

माणूस कोण ते थोडक्यात सांगतो. जन्म तोक्योत, १२ डिसेंबर १९०३. मृत्यू १२ डिसेंबर १९६३, म्हणजे बरोबर साठाव्या वाढदिवशी. शोचिकू कंपनीत कॅमेऱ्याचा मदतनीस म्हणून लागला, १९२७ पासून दिग्दर्शन, पन्नासच्या वर सिनेमे. उत्तरायुष्यातल्या बऱ्याच सिनेमांची गोष्ट एकच: मुलीचं लग्न ठरवायचंय आणि ती गेल्यावर बाप एकटा पडणार. स्वतः मात्र लग्न केलं नाही, आईबरोबर राहिला. मी तीस-पस्तीस वर्षं लग्नं टिपली, तो उत्तरायुष्यात लग्नांचे सिनेमे काढत राहिला, आणि गंमत अशी की जिच्या लग्नाची गोष्ट, तिचंच लग्न त्याच्या सिनेमात बहुधा बघायला मिळत नाही. त्याच्याकडे पुढे येतो.

पहिल्या वेळी मी झोपलो, हे आधीच कबूल करतो. पुतण्या मुंबईत एडिटिंग करतो. चवथीला घरी आला, माटोळी (गणपतीवर टांगायचं फळापानांचं छत) बांधून झाली, रात्री म्हणाला, "काका, तुम्हाला एक पिक्चर दाखवतो." टेबलावर लॅपटॉप, मी खुर्चीत, सिनेमा 'लेट स्प्रिंग', १९४९ चा. विसाव्या मिनिटाला माझी मान पडली. दुसऱ्या दिवशी त्यानं तोच सिनेमा वसरीवर लावला. टेबल आरतीच्या सामानानं भरलेलं, म्हणून लॅपटॉप पाटावर ठेवला आणि आम्ही चटईवर बसलो. लॅपटॉपच्या मागे आमच्या बांदिवड्याच्या घराची दारं: वसरीचं, मग राजांगणाचं, मग रांधणीचं, एकात एक, आणि पार शेवटी कुळागराचा (पोफळी-नारळीच्या बागेचा) हिरवा तुकडा. पडद्यावरही तेच. दारातून दार, त्यातून ओसरी, ओसरीवर पाठमोरा माणूस. मी पुतण्याला म्हटलं, "अरे, ह्यानं कॅमेरा पाटावर ठेवलाय."

तेव्हा पहिली सूचना हीच. खाली बसा. सोफ्यावर नाही, खुर्चीवर नाही. टीव्ही भिंतीवर उंच टांगलेला असेल तर तो नाद सोडा, लॅपटॉप घ्या आणि चौरंगावर किंवा पाटावर ठेवा. आमच्या घरी मी टेपनं मोजलं. आदोळीवर बसून नारळ खवणाऱ्या माझ्या बायकोचे डोळे जमिनीपासून एकोणतीस इंचांवर येतात. ओझूचा कॅमेरा बहुतेक वेळा त्याच्याही खाली असतो. त्याचा नेहमीचा छायाचित्रकार युहारू आत्सुता. विम वेंडर्स या जर्मन दिग्दर्शकानं १९८५ मध्ये ओझूवर 'टोकियो-गा' नावाचा माहितीपट केला, त्यात हा म्हातारा आत्सुता तो बुटका स्टँड लावून, जमिनीला चिकटून कसं बघावं लागे ते करून दाखवतो. माझ्या धंद्यातला माणूस तो प्रसंग बघून गप्प होतो. आम्हाला गुडघे दुखतात म्हणून आम्ही उभ्यानं काम उरकतो. हा माणूस वर्षानुवर्षं लादीवर पोट टेकून पडला.

दुसरी सूचना टीव्हीच्या रिमोटची, आणि ती न पाळल्यास बाकीचं सगळं वाया. ओझूनं शेवटपर्यंत जुन्या, जवळजवळ चौकोनी चौकटीत काम केलं. पन्नाशीच्या दशकात जपानमध्येही रुंद पडद्याची लाट आली होती, हा त्यात गेला नाही. आजचा टीव्ही आडवा. सेटिंग चुकीचं असेल तर टीव्ही चित्र ओढून पडदाभर पसरवतो, बाया जाड दिसतात, दारं बुटकी होतात, मांडणीचा चुराडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले की बरोबर समजा. आमच्या शेजारी एकजण "अर्धा टीव्ही फुकट गेला" म्हणून हळहळला. त्याला मी पासपोर्ट साइजचा फोटो ताणून पोस्टकार्डाएवढा करून दाखवला, स्वतःचाच.

आता कुठून सुरू करायचं. लोक तुम्हाला 'टोकियो स्टोरी' सांगतील, १९५३ ची. मोठाच सिनेमा आहे, पण सव्वादोन तासांचा आणि पहिल्या भेटीला जड. माझं ऐकाल तर 'गुड मॉर्निंग'पासून सुरू करा, १९५९ चा, रंगीत, दीड तासाचा. दोन पोरं टीव्ही घेऊन द्या म्हणून हटून बसतात, बाप "जास्त बोलू नका" म्हणतो, तर ती बोलणंच बंद करतात. त्यात पादण्याचे विनोद आहेत. होय, जगभर ज्याच्या नावापुढे लोक हात जोडतात त्या माणसानं पादण्याचे विनोद केलेत. शेवटी दोरीवर वाळत घातलेली चड्डी दिसते. घरातल्या पोरांना बरोबर घेऊन बघा.

इफ्फीला, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, जाणाऱ्यांसाठी एक पोटसूचना. २००४ पासून महोत्सव पणजीत आहे, मीही बरीच वर्षं गळ्यात कार्ड अडकवून जुन्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) आवारात आणि कला अकादमीत रांगा लावल्यात. दिवसाला चार सिनेमे, मध्ये एक समोसा, आणि शेवटच्या सिनेमाला अख्खी रांग पेंगते. अशा दिवसात असला सिनेमा चौथा म्हणून घेऊ नका. सकाळचा पहिला घ्या, आणि मग मांडवीच्या काठानं थोडं चाला. पुढच्या रांगेसाठी शेवटची पाच मिनिटं टाकून पळणारे तर या माणसाचा अर्धा सिनेमा टाकून पळतात.

सिनेमा एकदा सरळ बघून झाला, गोष्ट कळली, की खरं काम सुरू होतं. कुठलीही दहा मिनिटं निवडा आणि आवाज बंद करा. सबटायटलही बंद. गोष्ट माहीत आहे, त्यामुळे काही बिघडत नाही. आता माणसांकडे बघू नका, भांड्यांकडे बघा.

ही युक्ती माझी नाही, बायकोची. आम्ही 'इक्विनॉक्स फ्लॉवर' बघत होतो, १९५८ चा, ओझूचा पहिला रंगीत सिनेमा. त्यानं फिल्म आग्फाची घेतली, कारण तिच्यातला लाल त्याला आवडायचा. घरातल्या प्रसंगांत एक लाल किटली आहे. मी बापाच्या चेहऱ्याकडे बघत होतो, मुलीनं परस्पर लग्न ठरवलं म्हणून तो चिडलेला. बायको म्हणाली, "अहो, ती किटली मघाशी तिकडे होती."

मागे जाऊन बघितलं. खरंच. किटली जागा बदलते. कुणी उचलून ठेवलेली दिसत नाही, पण कॅमेऱ्यानं बाजू बदलली की किटली चौकटीत जिथे शोभेल तिथे हजर. आमच्या धंद्यात याला चूक म्हणतात. ओझू ते जाणूनबुजून करायचा. टेबलावरचे पेले, बाटल्या प्रत्येक शॉटसाठी थोड्या थोड्या सरकवायचा. खोली खरी कशी आहे यापेक्षा चौकट कशी भरलीय याला त्याच्याकडे मान. पुरुषमाणसाला हे दिसायला वेळ लागतो. जिनं आयुष्यभर कपाटातला डबा कुणी हलवला ते ओळखलंय, तिला एका नजरेत दिसतं. म्हणून घरातल्या बाईला शेजारी बसवा.

लाल रंग शोधत राहा. रंगीत सिनेमे एकूण सहा, १९५८ ते १९६२ मधले. जवळजवळ प्रत्येक चौकटीत कुठेतरी लाल ठिपका असतो: किटली, बादली, पाटी, स्वेटर, लाल टोपण. पोपटी भाताच्या शेतात लाल लुगडं दिसावं तसा. एकदा दिसायला लागला की थांबत नाही, हेही सांगून ठेवतो.

आता आंतरपाट. मला स्वतःला ओझू समजला तो इथे, म्हणून जरा ऐसपैस सांगतो.

व्हीएचएसचे दिवस. एका लग्नाची कॅसेट करत होतो, खांद्यावर पॅनासॉनिक, पोऱ्याच्या हातात हॅलोजन. मंगलाष्टकं चाललेली, मध्ये आंतरपाट, इकडे नवरा, तिकडे नवरी. नवऱ्याला मी उजव्या अंगानं घेतला. मग गर्दीतून वाट काढत मागून वळसा घातला आणि नवरीला दुसऱ्या अंगानं घेतली. मिक्सिंगला बसलो तेव्हा दोघं पडद्यावर एकाच दिशेला बघतायत. बसच्या रांगेत उभे असल्यासारखे. मी हृदयाच्या आकाराची खिडकी टाकून झाकायला बघितलं, झाकलं नाही. कॅसेट बघून नवरीच्या मामानं विचारलं, "ही दोघं एकमेकांकडे बघतायत की भटाकडे?" आणि पाचशे रुपये कापले.

नियम साधा आहे. समोरासमोरच्या दोन माणसांमध्ये एक रेषा मानायची आणि कॅमेऱ्यानं तिच्या एकाच अंगाला राहायचं. मग एक डावीकडे बघतो, दुसरा उजवीकडे, आणि प्रेक्षकाला वाटतं ते एकमेकांकडे बघतायत. जगातल्या बहुतेक सिनेमांत हा पाळतात. ओझू पाळत नाही. तो कॅमेरा बेधडक पलीकडे नेतो, आणि बहुधा दोघांच्या मधोमध, रेषेच्या अगदी लगत आणतो. म्हणजे बरोबर आंतरपाटाच्या जागी. बोलणारा जवळजवळ तुमच्याकडेच बघून बोलतो, भिंगाच्या जरासा बाजूला. मग कट, आणि ऐकणाराही तसाच. पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं, कुणाच्या तरी घरगुती बोलण्यात आपण मध्येच जाऊन बसल्यासारखं.

मग हे चुकीचं का वाटत नाही? यासाठी एक टिकली लागेल. बायकोच्या पाकिटातली घ्या, गोल, मध्यम. दोन माणसं समोरासमोर बोलत असतील असा प्रसंग लावा, 'लेट स्प्रिंग'मधला बाप-लेकीचा घ्या. एकाचा चेहरा आला की थांबवा, नाकाच्या शेंड्यावर टिकली चिकटवा, काचेवर. आता पुढे जाऊ द्या. कट झाला की दुसऱ्याचा चेहरा बघा कुठे येतो. बहुतेक वेळा टिकलीच्याच आसपास. चेहऱ्याचा आकारही तेवढाच, खांदेही त्याच कोनात. माणूस बदलला, जागा बदलली नाही. डोळ्याला पडद्यावर धावाधाव करावी लागत नाही. माझ्या कॅसेटमध्ये नवरा डाव्या कोपऱ्यात होता, नवरी वर उजवीकडे अर्धी कापलेली, मागे कुणाचा तरी छत्रीचा दांडा. रेषा मोडल्याचं पाप एवढं नव्हतं. मांडणीच नव्हती.

टिकली काढायला विसरू नका. आमच्या टीव्हीवर ती दोन दिवस होती, बातम्या देणाऱ्या प्रत्येकाला कुंकू लागलं.

भिंगाचंही सांगून टाकतो. आत्सुताच्या सांगण्याप्रमाणे ओझू जवळजवळ सगळं ५० मिलिमीटरच्या भिंगावर घ्यायचा. जुन्या फिल्म कॅमेऱ्याबरोबर फुकट यायचं तेच साधं भिंग, ज्याला आम्ही नवीन पोरं असताना नाक मुरडायचो. त्यात भिंती वाकत नाहीत, नाक मोठं होत नाही. झूम नाही. कॅमेरा सहसा हलतही नाही, रंगीत सिनेमांत तर तो हलल्याचं शोधावं लागतं. 'टोकियो स्टोरी'त म्हातारा-म्हातारी तोक्योत बाहेर रस्त्याकडेला बसलेली असताना कॅमेरा भिंतीच्या कडेनं हळूच सरकत त्यांच्यापर्यंत येतो. इतका वेळ सगळं स्थिर असल्यामुळे तेवढ्या सरकण्यानं पोटात कालवतं. आजकालची लग्नं ड्रोननं काढतात, त्यात वीस मिनिटं सगळं उडतं आणि पोटात काहीच होत नाही. असो, धंद्यातलं दुखणं.

यानंतर रिकाम्या चौकटी. प्रसंग संपतो, माणसं निघून जातात, आणि कॅमेरा उठत नाही. किंवा प्रसंग सुरू व्हायच्या आधी काहीतरी भलतंच दिसतं: वाळत घातलेले कपडे, कारखान्याची धुराडी, जाणारी आगगाडी, बारच्या बोळातल्या पाट्या, सुनसान व्हरांडा. नोएल बर्च नावाच्या समीक्षकानं यांना 'उशी' असं नाव दिलं. जुन्या जपानी कवितेत पुढच्या शब्दाला टेकू देणारा एक ठरीव शब्द आधी येतो, त्याला उशीशब्द म्हणतात, त्यावरून. आपल्याला हे परकं नाही. जात्यावरची ओवी घ्या. पहिल्या ओळीत अंगणातली तुळस नाहीतर दारातली जाई, आणि दुसऱ्या ओळीत एकदम सासुरवासाचं दुःख. जाईचा आणि सासूचा संबंध काय, असं कुणी विचारत नाही. जातं फिरत राहतं.

या उश्या मोजा. वहीत दोन रकाने करा, प्रसंगाच्या आधी काय दिसलं आणि नंतर काय. प्रत्येक रिकामी चौकट किती आकडे टिकते ते मनात मोजा. 'लेट स्प्रिंग'मध्ये क्योतोच्या मुक्कामी रात्री बाप-लेक शेजारी शेजारी अंथरुणावर पडलेत. बाप झोपतो. मुलीच्या चेहऱ्यावर हसू आहे. मग खोलीतली फुलदाणी दिसते, मागे कागदी दारावर बाहेरच्या झाडाच्या सावल्या. परत मुलगी, आणि आता डोळे भरून आलेत. परत तीच फुलदाणी. या फुलदाणीवर जगभरच्या विद्वानांनी पानंच्या पानं लिहिलीत आणि एकमेकांशी भांडलेत. तुम्ही पहिल्या दिवशी त्यात पडू नका. झेन, अनित्यता वगैरे शब्दही बाजूला ठेवा. ओझूच्या थडग्यावर नाव नाही, फक्त 'शून्य' या अर्थाचं एकच अक्षर कोरलंय, हे लोक फार भक्तिभावानं सांगतात, आणि खरंही आहे. पण ते अक्षर मनात धरून सिनेमाला बसलात तर चड्डी वाळत घातलेली दिसणार नाही. फुलदाणी किती वेळ आहे ते मोजा, आणि तेवढ्या वेळात तुम्ही मुलीचा चेहरा मनात बदलून ठेवलात का ते बघा. मी ठेवला होता.

आणि लग्न? 'लेट स्प्रिंग'मध्ये अख्खा सिनेमा लग्नाच्या बोलण्यांत जातो, पण नवरा मुलगा एकदाही दिसत नाही, लग्नही नाही. मुलगी नवरीच्या पोशाखात बापाला नमस्कार करते, निघते, आणि पुढे बाप एकटाच घरी आलेला. सफरचंद सोलत बसतो. साल लांब लोंबते, तुटून पडते, आणि त्याची मान खाली जाते. 'ॲन ऑटम आफ्टरनून' या १९६२ च्या त्याच्या अखेरच्या सिनेमातही तेच. नवरी सजून गेली, आणि आपण कुठे, तर तिच्या रिकाम्या खोलीत, जिच्यात आरसा उभा आहे. मी आयुष्यात पाच-सहाशे लग्नं तरी केली असतील. वरात निघाली की मी वरातीबरोबर निघायचो, पैसे वरातीचे. मागे घरात काय राहतं ते एकदाच बघितलं, फ्लॅशची बॅटरी विसरलो म्हणून परत गेलो तेव्हा. नवरीचा बाप एकटा, लोकांनी अर्धवट टाकलेले सरबताचे पेले एका ताटात गोळा करत होता. मला बघून म्हणाला, "काय राहिलं?" मी बॅटरी उचलली आणि निघालो. फोटो काढला नाही. काढायचा असतो हेच माहीत नव्हतं.

पुढचा सिनेमा म्हणून 'फ्लोटिंग वीड्स' घ्या, खास गोव्याच्या माणसानं. १९५९ चा. फिरती नाटक कंपनी समुद्रकाठच्या गावात येते. गल्ला जमत नाही, कंपनी मोडते. जत्रेच्या रात्री देवळापुढच्या रंगमंचावर मराठी नाटक बघत, मध्यंतरात चणे खात जो वाढला त्याला यातला प्रत्येक नट ओळखीचा वाटेल. हा सिनेमा ओझूनं दुसऱ्या कंपनीसाठी केला, म्हणून छायाचित्रकार वेगळा, 'राशोमोन'वाला काझुओ मियागावा. सावल्या जास्त दाट, पाऊस जास्त ओला. सुरुवात बघाच: दूर पांढरं दीपगृह, आणि जवळ वाळूत उभी बाटली, दोघांचा घाट सारखा. क्षणभर कळत नाही मोठं काय आणि लहान काय. मग भर पावसातलं भांडण. रस्त्याच्या या कडेला वळचणीखाली तो, त्या कडेला ती, मध्ये धो धो पागोळ्या. पाऊस इथे आंतरपाटाचं काम करतो. आवाज बंद करून एकदा, चालू करून एकदा, असं बघा.

'टोकियो स्टोरी' शेवटी. ओनोमिची या गावातून म्हातारा-म्हातारी मुलांकडे तोक्योला जातात, मुलांना वेळ नाही, परत येतात, म्हातारी जाते. म्हाताऱ्याचं काम करणारा नट चिशू रियू तेव्हा पन्नाशीचासुद्धा नव्हता. बघायचं असं: पहिली पाच मिनिटं दोनदा बघा आणि म्हातारा कुठे बसलाय, म्हातारी कुठे बसलीय ते कागदावर चौकट आखून दोन फुल्यांनी दाखवा. खिडकीतून शेजारीण डोकावते ती जागाही. तो कागद जवळ ठेवा. शेवटच्या पाच मिनिटांत तोच कोन, तीच खिडकी, तीच शेजारीण येते. तुमच्या कागदावरची एक फुली उरते.

एवढं झालं की स्वतः करून बघा, फोनवर, घरातच. फोन पाटावर उभा करा, मागे तांब्याचा टेकू. उंची दोन फूट किंवा त्याहून कमी. फोनचं नेहमीचं भिंग फार रुंद असतं, भिंती वाकवतं. २एक्स दाबा, म्हणजे साधारण ५० मिलिमीटरच्या जवळ जाल. मग थोडं मागे सरकावं लागेल, सरका. दाराची चौकट सरळ उभी दिसेपर्यंत फोन हलवत राहा, मिक्सरची वायर, प्लास्टिकची पिशवी, कॅलेंडर जे टोचेल ते उचला. एखादी लाल वस्तू आणून ठेवा. रेकॉर्डिंग सुरू केलं की हात लावायचा नाही. माणूस चौकटीबाहेर गेला तरी दहा आकडे मोजेपर्यंत बंद करायचं नाही. हे शेवटचं सगळ्यांत अवघड. माझं बोट तीस वर्षांच्या सवयीनं आपोआप बटणाकडे जातं.

मी पहिलं केलं ते रांधणीत. बायको आदोळीवर बसून नारळ खवतेय, मागे उघडं दार, कुळागर, डाव्या कोपऱ्यात लाल बादली (ती मी आणून ठेवली, तिला कळलं, बोलली नाही). बाहेर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला. ती हात पदराला पुसत उठली, चौकटीतून गेली. मी मोजायला लागलो. आदोळी, तिच्या पात्याखाली पांढरा चुऱ्याचा ढीग, अर्धी करवंटी जरा डोलतेय, मग डोलायची थांबली. बाहेर पोदेराशी सुट्ट्या पैशांवरून काहीतरी बोलणं. मांजर आलं, हुंगलं, गेलं. मी सतरापर्यंत पोचलो होतो तेव्हा ती चार उंडे घेऊन दारात आली, फोनकडे बघितलं आणि म्हणाली, "अजून चालूच आहे का ते?"